चौथा दाखला

पिटकोळीच्या कळीला वास नसतो. तांबडी, लवंगेएवढी बारीक कळी. देवाच्या दगडावर पाण्याने चिकटवली की रक्ताच्या थेंबासारखी दिसते. तरी परवा देवाची पेटी उघडली तेव्हा मला आधी तिचाच वास आला, जो कधी नव्हताच. मग बाकीचे आले. जुन्या रेशमाचा, कापराचा, समईच्या जळक्या वातीचा, आणि सगळ्यांच्या खाली भिजून वाळलेल्या कागदाचा.

पेडण्यातलं आमचं देऊळ मोडून नवं बांधताहेत. चुलतभावाने फोन केला होता. "दादा, पेटीची चावी तुझ्याकडेच आसा. येऊन काय तां काढ, नायतर उद्या आमी कुलूप फोडतंव." चावी होती खरीच. पणजी शहरातल्या माझ्या घरी, कपाटाच्या खणात, इतकी वर्षं. मी ती कोणाला दिली नव्हती आणि स्वतःही वापरली नव्हती.

पालखीवरचं वस्त्र काढलं. तरंगांना, देवाच्या उंच खांबांना, नेसवायची लुगडी काढली, त्यांची जर काळी पडली होती. तळाला वर्तमानपत्राची घडी होती आणि घडीत एक दाखला. प्राथमिक शाळा सोडल्याचा, निळ्या शाईतला, गोल शिक्क्याचा. माझ्या बहिणीचा. मी जिथे ठेवला होता तिथेच.

देवाच्या पेटीत चोर हात घालत नाही. म्हणून ठेवला होता.

आम्ही गावचे गुरव. वडील गेले तेव्हा मी पणजीला सरकारी कचेरीत कारकून होतो. रोजची पूजा काका करायचे आणि शनिवार-रविवार मी यायचो. मी थोरला. माझ्यानंतरची दोन पाळण्यातच गेली, म्हणून माझ्यात आणि पुढच्या चौघांत एका पिढीचं अंतर पडलं होतं. शालन तेरा वर्षांची, वसंत अकराचा, दत्ता नऊचा आणि मंदा सहाची. वडील गेल्यावर ती चौघं मला भावंडं वाटेनाशी झाली. ओझं वाटू लागली असं लिहिणार होतो; पण ते खरं नाही. ती मला माझी वाटू लागली, आणि त्यातूनच पुढचं सगळं झालं.

त्या काळी भिंती बोलायच्या. म्हापशापासून पेडण्यापर्यंत मराठी आणि कोकणीच्या घोषणा, एकीवर दुसरी, चुन्यावर डांबर. मी मराठीच्या बाजूने मिरवणुकीत चाललो होतो, घसा बसेपर्यंत. आणि त्याच साली पणजीच्या टेकडीवर नवी खाजगी शाळा निघाली, इंग्रजी, गणवेशाला टाय असलेली, तेव्हा चौघांची नावं घेऊन मीच तिथे पहिला जाऊन उभा राहिलो.

गावच्या शाळेत दाखले आणायला गेलो तर मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"गुरवबुवा, परवा सभेत दोन्ही हात वर केले होते ना? एक मराठीसाठी. दुसरा कशासाठी होता ते आज कळलं."

"मास्तर, पोरांचं बघायला नको?"

"बघा की. मी कुठे अडवतो?" त्यांनी दौत पुढे ओढली. तीन दाखले भरभर लिहिले. चौथ्याला हात सावकाश झाला. "ही मात्र माझ्याकडे चुकून आलेली मुलगी. वर्गात मी चुकलो की मान खाली घालते, मला लाज वाटू नये म्हणून. हिला जपा."

बाहेर व्हरांड्यात शालन मंदाची वेणी घालत बसली होती. तिने ते ऐकलं असणार, कारण वेणी तिने दोनदा सोडून पुन्हा घातली.

एप्रिलात चौघांना नव्या शाळेत परीक्षेला नेलं. मांडवीवरचा पूल आदल्या पावसात कोसळला होता. बेतीहून फेरीबोट. डिझेलचा वास, लोखंडी फळी पडल्याचा धाडकन आवाज, आणि नदीत उभे राहिलेले पुलाचे खांब, बोळक्या तोंडात उरलेल्या दातांसारखे. मुलांनी नदी इतकी रुंद कधी पाहिली नव्हती. दत्ता विचारत होता, "दादा, राज्य झाला की पूल बांधतले?" त्या दिवसांत सगळेच सगळ्या गोष्टी गोवा वेगळं राज्य झाल्यावर होणार असं म्हणत.

मुख्याध्यापिका बाईंनी तिघांना घेतलं. शालनचा पेपर त्यांनी हातात धरून ठेवला. "इंग्रजी नाही हिला. पण गणित बघा. सहावीत पुन्हा बसवू, वर्षात पुढे जाईल. हिची काळजी करू नका." शालन माझ्या मागे उभी होती. बाई हिंदी-इंग्रजीत बोलल्या. तिला कळलं नाही, आणि मी तिला सांगितलं नाही. म्हटलं, "मागाहून कळवतले."

परतताना फेरीबोटीवर वारा होता. शालनने मंदाचं डोकं आपल्या परकराच्या घोळात घेतलं होतं. दुसऱ्या हाताने ती दत्ताला एकेक चणा देत होती, म्हणजे तो सांडणार नाही. वसंतची टोपी तिच्या काखेत. मी तिच्याकडे बघितलं आणि मला पणजीतल्या मळा नावाच्या वस्तीतलं माझं दोन खोल्यांचं बिऱ्हाड दिसलं. स्टोव्ह, मोरी, जनेलाच्या गजांवर वाळणारे तीन गणवेश. आई गाव सोडणार नव्हती. गाय होती, देवाची शेती होती. माझं लग्न झालेलं नव्हतं. मी कचेरीत असताना या मुलांना जेवायला कोण घालणार?

मला रांधायला माणूस हवं होतं. एवढंच होतं. इतक्या वर्षांत मी त्याला पुष्कळ नावं दिली, पण एवढंच होतं.

हे मी वसंत, दत्ता आणि मंदासाठी लिहून ठेवतो आहे. दर गणेशचवथीला आपण सगळे जमतो, शालनचा विषय निघतो आणि कोणीतरी म्हणतं, तिचो कौल डावो पडलो, नायतर ती आमच्या सगळ्यांच्या पुढे गेली असती. मग आपण निवगऱ्या खातो. मी कधीच काही बोललेलो नाही. आता वाचा.

आई म्हणाली होती, "देवाक इचारल्याबिगर एकाय भुरग्याक मी गावाभायर धाडूचंय नाय. पणजेच्या इस्कोलात वाघ शिकवतत की माणसां, तां देव सांगात."

कौल लावणं म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगावं लागतं. देवाच्या दगडाला उजवीकडे एक आणि डावीकडे एक कळी पाण्याने लावायची. गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर देवाचं हो, डावी पडली तर नाही. गाऱ्हाणं गुरव घालतो आणि दर वाक्याला जमलेल्यांनी म्हणायचं, व्हय म्हाराजा. त्या हुंकाराशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. आमचा गाभारा लहान. गुरव आत वाकला की त्याच्या पाठीने दार भरतं. बाहेरच्यांना देव दिसत नाही, पाठ दिसते. कुठली कळी पडली ते गुरवाने सांगायचं, लोकांनी ऐकायचं. म्हणूनच आमच्यात रीत होती की आपल्या घरचा कौल आपण लावायचा नाही. वडील असते तर त्यांनी काकांना बोलावलं असतं.

काका धोंड होते, लईराई देवीचं व्रत धरून निखाऱ्यांवरून चालणारे. लईराईच्या जत्रेला शिरगावला गेले होते. मी तोच दिवस धरला. आईला म्हटलं, शाळा थांबायची नाही.

त्या दुपारचं मला सगळं आठवतं, फक्त माझा चेहरा आठवत नाही. काजूची बोंडं कुठेतरी कुजत होती, आंबट वास थेट देवळात येत होता. वर पाकोळ्यांची चुळबुळ. दगडी चौकात आई, तिच्या कडेला उंचीने लावलेली चार मुलं, न्हाऊन, तेल लावून. शालनने आपला परकर घडी मोडून नेसला होता. मंदाला तिने शिकवून ठेवलं होतं की मी कोपराने ढोसलं की व्हय म्हाराजा म्हणायचं.

वसंतची कळी उजवी पडली. दत्ताची उजवी. मंदाची लावतो न लावतो तोच उजवी पडली, आणि बाहेर ती हसली.

मग शालनसाठी लावली. "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाक पणजेक इस्कोलात धाडूचा असां घरच्यांच्या मनात आसा, तुझो हुकूम काय तो दी." व्हय म्हाराजा, बाहेरून आलं, आणि त्यात तिचा आवाज सगळ्यांत मोठा होता. कळ्या हलेनात. समईची ज्योत सरळ. दगडावरून पाण्याचा एक थेंब ओघळला, थांबला. मला वाटलं, पडूच नये काही. मग उजवी कळी सुटली आणि माझ्या तळहातावर पडली.

मी ती मुठीत धरली. डावी दगडाला घट्ट चिकटली होती. ती मी नखाने काढली आणि खाली टाकली.

"डावी," मी म्हटलं.

आईने "शिवशिव" म्हटलं बहुतेक. मी देवाला पाठ न करता वाकूनच होतो, म्हणून मला दिसलं नाही. ऐकू आलं. गाऱ्हाणं संपलं की म्हणायचं असतं, म्हणून सवयीने, बारीक आवाजात, एकटी शालन म्हणाली, "व्हय म्हाराजा."

पाऊस सुरू व्हायच्या आधी, त्याच महिन्याच्या अखेरीस, राज्य झालं. रेडिओवर भाषणं होती. आम्ही पाचजण ट्रंका घेऊन फेरीत चढलो. "देवान शिकूक नाय म्हटल्यान," आईने निघताना सांगितलं होतं, "भावंडांक सांभाळूक नाय म्हणूक नाय." शालनने मान हलवली होती. तिच्या ट्रंकेत परकर होते आणि पाटा-वरवंटा. जड होता म्हणून मी उचलला.

मळ्यातल्या त्या खोल्यांत पहाटे पोदेराचा, पाववाल्याचा, भोंगा वाजायचा. सायकलवरची टोपली, तिच्यावर निळं प्लास्टिक, आत गरम उंडे. शालन जनेलातून दोरीला पिशवी सोडायची. तिघांच्या चहात उंडे बुडायचे, मग बूट, टाय, वह्या. टायची गाठ तिला पहिल्याच दिवशी जमली, मला अजून जमत नाही. ती मुलांना टेकडीवर फाटकापर्यंत पोचवायची. आत घंटा व्हायची, प्रार्थना व्हायची. एकदा कचेरीला जाताना मी चढावरून बघितलं, ती फाटकाच्या गजांना धरून ओठ हलवत होती. सगळी प्रार्थना तिला पाठ झाली होती. अर्थ तिला कोणी सांगितला नव्हता.

वह्यांना खाकी कव्हरं तीच घालायची. नावांच्या चिठ्ठ्या तीच लिहायची, इंग्रजीत, छापल्यासारख्या अक्षरात. संध्याकाळी मुलं मोठ्याने वाचत बसत आणि ती पलीकडे विळीवर नारळ खवत असे. नारळाचा आवाज वाचनाच्या लयीत पडायचा. कठीण शब्दाला विळी थांबायची.

दुसऱ्या वर्षी एकदा वसंत एका धड्यातल्या प्रश्नावर अडला. मी त्याला रागावत होतो. तो रडकुंडीला आला. आणि आतून, खोबऱ्याच्या वासातून, उत्तर आलं. इंग्रजीत, पुरं वाक्य, बरोबर.

वसंत माझ्याकडे बघू लागला.

"शालू," मी म्हटलं, "भात बघ."

"बघतंय, दादा," ती म्हणाली.

त्यानंतर तिने कधी उत्तर दिलं नाही. भात मात्र कधी करपला नाही.

माझं लग्न झालं, घरात बाई आली. तेव्हा तरी तिला शाळेत घालता आलं असतं. पण ती सोळाची झाली होती आणि देवाचा शब्द मागे कसा घ्यायचा, ते मला माहीत नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न डिचोलीला केलं. नवरा खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर, स्वभावाने चांगला. तिच्या घरी गेलो की चादरीला, तुळशीला, देवाच्या फोटोलासुद्धा लाल धूळ असायची. ती बोटाने पुसून हसायची. "रोज पुसतंय, रोज येता. बरा आसा, काम संपणा नाय." तिच्या दोन मुली शिकल्या. एक इस्पितळात आहे, दुसरी शिकवते. त्यांना शाळेत घालताना तिने कौल लावला नाही. आईने विचारलं तर म्हणाली, "एकदा इचारला ना आमी? पुरे झाला."

आणि एक गोष्ट मी बघत आलो, दर वर्षी. जत्रेला ती माहेरी यायची, नारळ आणायची, पण देवळाच्या पायऱ्या चढायची नाही. नारळ खालच्या पायरीवर ठेवायची आणि परत फिरायची. लोकांना वाटायचं, घाई आहे. मला माहीत होतं, ती देवाशी बोलत नाही.

परवा दाखला खिशात घालून मी पेडण्याहून तसाच डिचोलीला गेलो. खाणी बंद पडल्यापासून तिच्या घरावरची धूळ गेली आहे. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. "दादा? फोन करूक नाय?" तिने चहा ठेवला, बशीत पाव ठेवले. "पेटी उघडलंस? चांदीची छत्री आसा मा?"

मी कागद मेजावर ठेवला. तिने चष्मा शोधला, तो तिच्या केसांतच होता. मग वाचू लागली, मोठ्याने, शाळेतल्या मुलांसारखी एका सुरात. नाव. वडिलांचं नाव. जन्मस्थळ. "प्रगती, उत्तम. वर्तणूक, उत्तम. शाळा सोडण्याचे कारण..." ती थांबली. मग एकेक अक्षर लावत वाचलं. "पुढील शिक्षणासाठी."

तिने त्या ओळीवर बोट ठेवलं.

"मास्तरांचा अक्षर," ती म्हणाली. "हो खंय होतो?"

"देवाच्या पेटीत."

"थंय कोणी ठेवल्यान?"

"मी. शालू, कळी उजवी पडली होती."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी पुन्हा सांगितलं. फेरीबोट, चणे, स्टोव्ह, नख. बाई काय म्हणाल्या होत्या तेही. सांगून झालं तेव्हा कपाखाली मेजावर ओलं वर्तुळ उमटलं होतं, ते तिने पदराने पुसलं.

"तुका रांधूक माणूस होया होता."

"होय."

"मगे माका सांगूक होया होता, दादा. मी रांधलंय असतंय." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "देवाक मदी कित्याक हाडलंस? तू नाय म्हटलेलस तर मी तुझ्यार रागावलंय असतंय, चार दिवस रडलंय असतंय, आणि खंयतरी रातशाळा बघलंय असतंय. देवान नाय म्हटल्यान. मी तेरा वर्षांचा चेडू. माका वाटला, देवाक माझ्यात कायतरी खोट दिसली. ती खंयची, तां मी अजून शोधतंय."

तिने दाखला घडीवर घडी केला, पुन्हा उलगडला.

"आता हो मी खंय देऊ?" तिने विचारलं. खरंच विचारलं, जणू मला माहीत असेल.

मग उठली. "देव अजून गाभाऱ्यात आसा?"

"उद्या हलवणार."

"चल तर."

दोन बस बदलून आम्ही गेलो. ती खिडकीशी बसली, मी शेजारी. कोलवाळच्या पुलावर तिने तिकिटं नीट धर म्हटलं, तेवढंच. देवळाचं छप्पर उतरवलं होतं. गाभाऱ्यावर पत्रा टाकलेला, कामगार जेवायला गेलेले, सिमेंटच्या गोणींवर एक कोंबडी. शालन पायऱ्यांशी थांबली. मग चपला काढल्या आणि चढली, एकेक पायरी, गुडघ्याला हात देत. चौकात ती त्या दुपारी होती बरोबर तिथेच उभी राहिली. मला जागा आठवत होती.

आमच्यात बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायचं नसतं. तिने हात जोडले आणि घातलं.

"बा देवा म्हाराजा. तुझां लेकरू आज तुझ्या पायाकडे इला हा. इतकी वर्षां तुझ्यार रागान होतंय, तुझ्या दाराक येऊन पाठमोरा झालंय. तुझी चूक नाय होती. माका आज कळला. तां पोटात घाल."

ती थांबली. हुंकार हवा होता. मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."

"आणि ज्यान तुझ्या तोंडात खोटा घातल्यान, तेचा काय तां तू आणि तो बघा. मी आता मदी नाय."

पत्र्यावर काहीतरी पडलं, सुकलेलं पान असेल. ती मागे वळली नाही. हात जोडून तशीच उभी, पाठमोरी. दार तिच्या पाठीने भरलं होतं, मला देव दिसत नव्हता. ती वाट बघत होती. तिथे म्हणायला दुसरं कोणी नव्हतं.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.